ऑनलाइन शिक्षण आणि अंध विद्यार्थी : आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी संगणकाचा तज्ज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आहे, बँकेत लिपिक म्हणून नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी आपल्या अभ्यासिकेत मुलांकडून बँकेच्या परीक्षेची तयारी करून घेतो. एवढाच माझा अधिकार. 'ऑनलाइन शिक्षणावर काहीही बोला, पण मुलांना उपयोग झाला पाहिजे', असे अध्यक्षांनी मला सांगितले. म्हणून आज मी उपदेश करण्याऐवजी माझीच एक चूक आपल्यासमोर मांडणार आहे.

मागील वर्षी मी मोबाइलवर सोडवता येईल अशी एक सराव चाचणी तयार केली. वीस प्रश्न होते. आठ प्रश्न साधे, पर्याय निवडण्याचे. चार प्रश्न एका उताऱ्यावर. चार प्रश्न जोड्या लावण्याचे, त्यात एक चौकट बोटाने ओढून दुसऱ्या चौकटीवर नेऊन सोडायची. चार प्रश्न सोयाबीनच्या उत्पादनाच्या आलेखावर. वर कोपऱ्यात उलटे मोजणारे घड्याळ होते. उत्तर बरोबर आले की हिरवी खूण, चुकले की लाल. मुलांना चाचणी फार आवडली आणि मलाही माझा अभिमान वाटला.

अभ्यासिकेत मालेगाव तालुक्यातील एका खेड्यातून एक मुलगी येते. तिला दिसत नाही. तिचे नाव मी येथे घेणार नाही. तिला वीसपैकी सात गुण मिळाले. मी सगळ्या मुलांसमोर तिला म्हणालो, 'बेटा, तुला मेहनत वाढवावी लागेल.' ती काही बोलली नाही. सगळे निघून गेल्यावर मात्र हळूच म्हणाली, 'सर, बारा प्रश्न तं माह्या फोननं वाचलेच नाही.'

मित्रहो, आठ प्रश्न तिला ऐकू आले आणि त्यांपैकी सात बरोबर आले. उरलेले बारा प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. ज्या मुलीला शाबासकी द्यायची, तिला मी चारचौघांत कच्ची ठरवले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, 'तू फोन कसा वापरतेस ते मला दाखव.' तिने जे दाखवले ते आपल्यापैकी अनेकांना माहीत नसेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये ती 'टॉकबॅक' या नावाने असते, आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' या नावाने. ती सुरू केली की बोट उजवीकडे सरकवल्यावर फोन पुढची गोष्ट वाचतो आणि दोनदा टिचकी मारली की ती गोष्ट उघडते. संगणकावर 'एनव्हीडीए' नावाचा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. तो ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केला आणि जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण पुढे त्याच्या कामात सामील झाला. त्याआधी 'जॉज' हा प्रसिद्ध स्क्रीन रीडर होता, आजही आहे, पण तो विकत घ्यावा लागतो आणि त्याची किंमत आपल्या भागातील विद्यार्थ्याला झेपणारी नाही. यांना मराठी वाचणारा आवाजही आता उपलब्ध आहे.

डोळस माणूस पडदा एका नजरेत पाहतो. अंध माणसाला तोच पडदा एका ओळीत, एकामागून एक गोष्ट ऐकत जावा लागतो. शंभर माणसांची रांग डोळे मिटून, एकेकाचे नाव विचारत पार करण्यासारखे हे काम आहे. म्हणून त्याला शॉर्टकट लागतात. एनव्हीडीएमध्ये 'एच' ही कळ दाबली की पुढच्या शीर्षकावर जाता येते, 'बी' दाबली की पुढच्या बटणावर, 'टी' दाबली की पुढच्या तक्त्यावर. पण त्यासाठी तयार करणाऱ्याने शीर्षकाला शीर्षक म्हणून नोंदवलेले असावे लागते. नुसती अक्षरे मोठी आणि ठळक केली तर ते डोळ्यांपुरते शीर्षक होते, आवाजासाठी ती साधी ओळच राहते.

आता माझ्या चाचणीत काय काय चुकले ते ऐका.

पहिली चूक उताऱ्याची. मी पुस्तकातल्या पानाचा फोटो काढून तो चिकटवला होता. फोटोतली अक्षरे ही स्क्रीन रीडरच्या दृष्टीने अक्षरे नसतात, ते एक चित्र असते. तिच्या फोनने फक्त 'इमेज' एवढेच म्हटले. चार प्रश्नांचा सबंध उतारा आणि तिला ऐकू आला एक शब्द. आपण एकमेकांना ज्या नोट्स पाठवतो, त्यांतील किती तरी स्कॅन केलेल्या, म्हणजे अशाच मुक्या असतात.

याच चुकीची एक मराठी बहीण आहे. आपल्याकडे डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षे कृतिदेव, श्रीलिपी अशा टंकांत काम झाले. कागदावर छापण्यासाठी ते उत्तम होते. परंतु कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, मोठी बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरे असतात. ती देवनागरी दिसतात ते केवळ टंकामुळे. डोळ्यांना मराठी दिसते, स्क्रीन रीडर मात्र ती इंग्रजी अक्षरे बडबडत राहतो. हाच शब्द युनिकोडमध्ये टाइप केला तर तो 'मराठी' असाच वाचला जातो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात. बदलल्यावर तो एकदा वाचून मात्र पाहावा, कारण रफार आणि जोडाक्षरे जागा सोडतात. शिवाय मजकुराची भाषा मराठी आहे हे त्या पानात नोंदवावे, म्हणजे फोन योग्य आवाज निवडतो.

दुसरी चूक जोड्यांची. चौकट बोटाने ओढून न्यायची, तर ती कोठून उचलायची आणि कोठे ठेवायची हे दिसावे लागते. मी वाशिम जिल्ह्याचा नकाशा देऊन सहा तालुक्यांची नावे त्यावर ओढून ठेवायला सांगितली होती. तिच्या फोनने वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा ही सहा नावे वाचली आणि तो गप्प बसला. नकाशा त्याला वाचताच आला नाही. ज्या मुलीला या सहाही तालुक्यांची माहिती होती, तिला मी शून्य गुण दिले.

यावर उपाय काय? मी स्वतःला विचारले, या प्रश्नातून मला तपासायचे काय आहे? बोट सफाईने सरकते की नाही हे तपासायचे नव्हते, तालुका कोठे आहे हे माहीत आहे की नाही ते तपासायचे होते. मग मी विचारले, 'जिल्ह्याच्या ईशान्य भागातील तालुका कोणता?' आणि खाली सहा पर्याय दिले. कारंजा हे उत्तर तिने लगेच दिले. नकाशा मी काढून टाकला नाही, तो डोळस मुलांसाठी आहेच. फक्त तेच उत्तर देण्याची दुसरी वाट उघडली. जागतिक पातळीवर संकेतस्थळांसाठी जे सुलभतेचे नियम आहेत, त्यांच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीत हेच सांगितले आहे की, जे काम ओढून करता येते ते न ओढताही करता आले पाहिजे. आणि सगळे काम माउसशिवाय, फक्त कीबोर्डने करता आले पाहिजे, हा तर त्याहून जुना नियम आहे.

तिसरी चूक आलेखाची. आलेखाच्या चित्राला मी वर्णन जोडले होते, पण ते होते 'आलेख'. एवढेच! हे म्हणजे खातेदाराने शिल्लक विचारावी आणि मी 'पासबुक' असे उत्तर द्यावे. आलेखातील पाच वर्षे आणि पाच आकडे यांचा साधा तक्ता खाली दिला की प्रश्न सुटला. चित्राचे वर्णन लिहिताना प्रश्न सोडवण्यासाठी जेवढे लागते तेवढे सर्व सांगावे, फक्त उत्तर फोडू नये. शोभेच्या चित्राला वर्णनाची गरज नाही. ते स्क्रीन रीडरने ओलांडून जावे अशी सोय करता येते.

चौथी चूक घड्याळाची. माझे घड्याळ दर सेकंदाला बदलत होते आणि तिचा फोन प्रत्येक सेकंद वाचत होता. प्रश्न अर्धा वाचून होतो न होतो तोच 'आठ मिनिटे बेचाळीस, आठ मिनिटे एक्केचाळीस'. तुमच्या कानाशी कोणी असे मोजत राहिले तर तुम्हाला गणित सुटेल काय? आता घड्याळ विचारल्यावरच वेळ सांगते आणि शेवटची पाच मिनिटे उरली की एकदा सूचना देते. वेळही वाढवून घेता येतो. ही मेहेरबानी नाही. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखी परीक्षेत पात्र दिव्यांग उमेदवाराला तासाला किमान वीस मिनिटे जादा देण्याची तरतूद केली होती. मग सरावात ती का नसावीत?

पाचवी चूक रंगाची. हिरवी खूण, लाल खूण. पण 'बरोबर' किंवा 'चूक' हा शब्द कोठेच नव्हता. तिला प्रत्येक उत्तरानंतर शांतताच ऐकू येत होती. हिरवा-लाल फरक न कळणारे डोळस विद्यार्थीही असतात, त्यांचीही तीच अडचण. आता उत्तर दिल्याबरोबर 'बरोबर' किंवा 'चूक, योग्य उत्तर अमुक' असा शब्द येतो आणि स्क्रीन रीडर तो आपणहून वाचतो.

आणि सहावी, बटणांची. पुढे जाण्यासाठी मी बाणाचे सुंदर चिन्ह वापरले होते, त्याला नाव दिले नव्हते. तिला ऐकू येई, 'बटण, बटण, बटण.' कोणते पुढे नेते, कोणते मागे आणि कोणते चाचणीच संपवते, हे तिने अंदाजाने शोधायचे. एकदा तिने चुकून चाचणी संपवलीसुद्धा. प्रत्येक बटणाला 'पुढचा प्रश्न', 'मागचा प्रश्न' असे नाव देण्यास मला दहा मिनिटेही लागली नाहीत.

हे सर्व दुरुस्त करायला मला दोन रविवार लागले. नवे प्रश्न घालून तिने पुन्हा चाचणी दिली आणि वीसपैकी सोळा गुण मिळवले. चुकलेले चार प्रश्न तिला खरोखर येत नव्हते, शेकडेवारीचे होते. मला खरा आनंद झाला तो या चार चुकांचा. कारण तिला काय शिकवायचे आहे, हे मला पहिल्यांदाच कळले. आधीच्या चाचणीने तिची परीक्षा घेतलीच नव्हती, तिच्या डोळ्यांची घेतली होती.

मित्रहो, आपल्यापैकी कोणी म्हणेल, एका मुलीसाठी एवढा खटाटोप कशाला? याला माझी तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर, ती एकटी नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, त्यांत दृष्टिदोष असलेल्या ५० लाखांहून अधिक होत्या. त्यांच्यातील कोणी अभ्यासिकेत दिसत नसेल, तर गरज नाही म्हणून दिसत नाही की दार बंद आहे म्हणून, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. आपल्याच महाराष्ट्रातील उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. दादरच्या कमला मेहता अंध शाळेत आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकून, संगणकावर स्क्रीन रीडरच्या साहाय्याने अभ्यास करून त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पहिल्यांदा ७७३ वा क्रमांक आला, तेव्हा पूर्ण अंधत्वाचे कारण देऊन त्यांना रेल्वे लेखा सेवा नाकारण्यात आली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि १२४ वा क्रमांक मिळवला. २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे त्यांनी उपजिल्हाधिकारी म्हणून पदभार स्वीकारला. त्यांच्या पुस्तकांचा मजकूर संगणकाला वाचता आला नसता, तर त्यांची बुद्धी तेवढीच असूनही हे घडले असते काय?

दुसरे उत्तर, हा हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा, याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२१ मध्ये यासाठी आय.एस. १७८०२ हे मानक आणले. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या डिजिटल केवायसीच्या प्रकरणात निकाल देताना स्पष्ट केले की, डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या प्रकरणात एक याचिकाकर्ते स्वतः अंध होते.

बँकेचा विषय निघालाच आहे तर एक आठवण सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी ज्या शाखेत होतो, तेथे एक अंध शिक्षक एटीएम कार्डासाठी आले. त्यांना सांगण्यात आले की, दिसणाऱ्या कोणाला तरी घेऊन या आणि संयुक्त खाते काढा. ते चाळीस मुलांना शिकवत होते, पण स्वतःच्या पगारावर त्यांचा भरवसा नाही असे आम्ही ठरवले. मी शेजारच्या काउंटरवर होतो आणि गप्प बसलो. वास्तविक ४ जून २००८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सांगितले होते की, चेकबुक, एटीएम, लॉकर या सुविधा अंध ग्राहकांना कोणताही भेदभाव न करता द्याव्यात. पुढे १ जुलै २०१४ पासून बसणारे प्रत्येक नवे एटीएम बोलणारे आणि ब्रेल कळा असलेले असावे, असा आदेश निघाला. नोटा ओळखण्यासाठी १ जानेवारी २०२० रोजी 'मनी' हे ॲप आले. नियम बदलतात, यंत्रे बदलतात. काउंटरवर बसलेला माणूस बदलला नाही तर मात्र ते कागदावरच राहतात. म्हणून ही चाचणीची गोष्ट मला जास्त लागली. पहिल्या वेळी मी शेजारी बसलो होतो, या वेळी काउंटरवर मीच होतो.

तिसरे उत्तर, यात सगळ्यांचा फायदा आहे. फोटोऐवजी मजकूर दिला तर फाइल हलकी होते आणि खेड्यातल्या कमजोर नेटवर्कवरही ती उघडते. अल्पदृष्टी असलेल्या ज्येष्ठांना अक्षरे मोठी करता येतात. आपल्या ज्या माउलींना वाचता येत नाही, त्यांना तो मजकूर ऐकता येतो. आलेखाखाली तक्ता दिला तर डोळस मुलांचीही आकड्यांची चूक कमी होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेक जण आता स्वतः चाचण्या, नोट्स, व्हिडिओ तयार करता. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तयार झालेली गोष्ट पाठवण्याआधी फोनमध्ये टॉकबॅक सुरू करा, पडद्यावर रुमाल टाका आणि ती स्वतः सोडवून पाहा. संगणकावर असाल तर माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब कळ व बाणांच्या कळांनी शेवटापर्यंत जाऊन दाखवा. जेथे तुम्ही अडकाल, तेथे तुमचा अंध मित्रही अडकणार. व्हिडिओत 'हे येथे बघा, ते तिकडे गेले' असे न म्हणता काय कोठे गेले ते तोंडाने सांगा. चुका शोधणारी यंत्रणाही मिळते. चित्राला वर्णन आहे की नाही ते ती सांगते, वर्णनाला अर्थ आहे की नाही ते मात्र सांगू शकत नाही. तिला 'आलेख' हे वर्णनसुद्धा चालते. त्यासाठी शेवटी माणूसच लागतो.

आता सभासदांकडे वळतो. आपली संस्था यंदा विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन सराव चाचण्यांची मालिका सुरू करणार आहे. त्यासाठी आपण वर्गणी दिली आहे. माझी कार्यकारिणीला नम्र सूचना आहे, तिचा ठराव व्हावा अशी इच्छा आहे. एक, स्क्रीन रीडर वापरणाऱ्या किमान दोन व्यक्तींनी पूर्ण सोडवून पाहिल्याशिवाय कोणतीही चाचणी विद्यार्थ्यांना देऊ नये. दोन, या तपासणीचे त्यांना मानधन द्यावे. डीटीपी करणाऱ्याला आपण पैसे देतो, छापणाऱ्याला देतो, मग चुका दाखवणाऱ्याकडून फुकट काम का घ्यावे? तीन, संस्थेच्या जुन्या नोट्स युनिकोडमध्ये आणण्याचे काम विद्यार्थ्यांनी वाटून घ्यावे, दर महिन्याला एक विषय.

यामुळे मालिका एक-दोन महिने उशिरा सुरू होईल, याची मला कल्पना आहे. पण आज घाई केली, तर ज्यांच्यासाठी दार उघडायला आपण निघालो त्यांतील काहींच्या तोंडावर ते आपल्याच हाताने बंद होईल. बाहेर ठेवले जाणे म्हणजे काय असते, हे या सभागृहातील माणसांना मी सांगण्याची गरज नाही.

ती मुलगी आज या सभागृहात बसलेली आहे. मागील वर्षी मी तिला सर्वांसमोर बोललो होतो, म्हणून आज सर्वांसमोरच सांगतो. बेटा, चूक तुझी नव्हती, माझी होती. शेकडेवारी मात्र आपल्याला अजून पक्की करायची आहे, येत्या रविवारी लवकर ये.